पायांवरचे ठिपके

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात काकांनी दोन मेलेले डास मायक्रोस्कोपखाली ठेवले आणि मला खुर्चीवर बसवलं.

"बघ गो बाय, ह्यातलो गुन्हेगार कोण?"

मी प्राणिशास्त्राची पदवी घेऊन आले होते, त्यामुळे थोडी गुर्मी होती. बराच वेळ बघत राहिले. दोघांचे पंख सारखेच काळ्या-पांढऱ्या तुकड्यांचे. दोघांच्या सोंडा सारख्या. सोंडेच्या दोन्ही अंगांना ज्या बारीक काड्या असतात, त्यांवरचे पांढरे पट्टेसुद्धा जवळजवळ तसेच. शेवटी मी म्हणाले, "काका, दोन्ही एकच आहेत."

"पाय बघ."

तेव्हा दिसलं. एकाच्या पायांवर वरपासून खालपर्यंत कणी सांडल्यासारखे बारीक पांढरे ठिपके होते. दुसऱ्याचे पाय साधे, फक्त सांध्यांपाशी पांढरी कडी. ठिपक्यांचा तो स्टिफेन्साय, आमच्याकडे मलेरिया पसरवणारा. साधा तो सबपिक्टस, जास्त करून गुरांना चावणारा, आणि आमच्या कामाच्या हिशेबात निरुपद्रवी. दोघांच्या अळ्या एकाच पाण्यात वाढतात. स्लॅबवर साठलेलं पाणी असो, उघडी टाकी असो की विहीर, एकाच पळीत दोघांच्या अळ्या वर येतात. लांबलचक नावं घ्यायचा कंटाळा म्हणून ऑफिसात आम्ही त्यांना नुसतं 'ठिपक्यांचा' आणि 'साधा' म्हणायचो.

काका आमच्या ऑफिसातले सगळ्यांत जुने. गाव बांद्याच्या पलीकडे, सिंधुदुर्गात. तरुणपणी खाणीवर कामाला म्हणून डिचोलीला आले, पुढे आरोग्य खात्यात लागले आणि डास पकडता पकडता ओळखायला शिकले. शिक्षण दहावीपर्यंतचं, पण मोठे साहेबसुद्धा एखादा डास अडला की बाटली घेऊन त्यांच्या टेबलाशी यायचे. बायको कधीच वारलेली, मुलगी कुडाळला दिलेली. डिचोलीत बाजाराच्या मागच्या बाजूला एका खोलीत एकटे राहायचे आणि सकाळी पोदेराकडचे दोन उंडे पाव घेऊन सगळ्यांच्या आधी ऑफिसात हजर असायचे.

डिचोली आणि पेडणे, दोन्ही तालुक्यांचे नमुने आमच्याकडे यायचे. आठवड्यातून दोनदा आम्ही स्वतःही जायचो. उजाडता उजाडता एखाद्या गावात पोचायचं, गोठ्याच्या कोपऱ्यात टॉर्च मारायचा, भिंतीवर बसलेला डास काचेच्या नळीने तोंडाने ओढून घ्यायचा आणि कापसाचा बोळा लावायचा. काकांचा हात एवढा हलका की डासाच्या अंगावरचा एक खवला झडत नसे. माझ्या नळीतले डास सुरुवातीला पार बोडके होऊन यायचे. "असो धरलंस तर त्याची आवय पण वळखूची नाय त्याका," असं म्हणून ते हसायचे.

डासाची ओळख सगळी खवल्यांत असते. डास म्हातारा झाला की खवले आपोआप झडतात, आणि मग ठिपके होते की नव्हते हे सांगणं कठीण. अशा वेळी काका तो डास वेगळा ठेवायचे आणि वहीत 'सांगता येत नाही' असं लिहायचे. मला ते कमीपणाचं वाटायचं. ते म्हणायचे, "नाय कळला तर नाय कळला म्हणूचा. त्यात लाज नाय."

आमचं घर मये गावात. वडिलांचा स्वतःचा ट्रक होता, खाणीवर चालायचा. खाणी बंद पडल्या तसा तो अंगणात उभा राहिला तो राहिलाच. नोकरी लागल्यावर पहिल्याच पावसाळ्यात त्या ट्रकच्या जुन्या टायरांत मला डेंग्यूच्या डासाच्या अळ्या सापडल्या आणि मी वडिलांना टायर काढून टाकायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी टायर उचलले नाहीत, भोकं पाडली. ट्रक पुन्हा चालेल ही आशा त्यांनी तोपर्यंत सोडली नव्हती. ही गोष्ट मी काकांना सांगितली तर ते म्हणाले, "पाणी रवना नाय ना आता? मगे आसांदी ते थंयच." माझ्या वडिलांना न भेटताच त्यांनी त्यांची बाजू घेतली, आणि मला ते आवडलं.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका दुपारी काका जेवायला गेले असताना मी त्यांच्या टेबलावरचा ट्रे उचलायला गेले. त्यांनी नुकत्याच ओळखून ठेवलेल्या एका बाटलीवर 'साधे' अशी चिठ्ठी होती. सहज म्हणून मी एक डास मायक्रोस्कोपखाली घेतला. ठिपक्यांचा होता. दुसरा घेतला, तोही ठिपक्यांचा. मला वाटलं, चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असेल. पुढच्या बाटलीत तसंच. त्यानंतर मी काकांकडे नीट बघायला लागले. ते दिवा पुढे ओढायचे, पुन्हा मागे सारायचे. मायक्रोस्कोपची कळ पुढे-मागे फिरवत राहायचे. मग डास कुठून आला ती चिठ्ठी वाचायचे आणि त्या जागेवरून अंदाज बांधायचे. गोठ्यातला असला तर साधा, टाकीतला असला तर ठिपक्यांचा. पुष्कळदा तो अंदाज बरोबर यायचा.

त्यांना साखरेचा आजार होता हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं.

मी कुणालाही काही सांगितलं नाही. आमच्याकडे वहीत आकडे आधी पेन्सिलीने भरायचे आणि संध्याकाळी ते शाईने पक्के करायचे अशी पद्धत होती. पक्के करायचं काम माझं. मी काय केलं, तर काका गेले की सगळ्या बाटल्या पुन्हा तपासायच्या, चुकलेले आकडे खोडायचे आणि शाईने बरोबर लिहायचे. रोज तास-दीड तास जास्त थांबावं लागायचं. घरी आई विचारायची, मी काम वाढलंय म्हणून सांगायचे. मला त्या कामाचा त्रास वाटत नव्हता. खरं सांगायचं तर बरंच वाटत होतं. ज्यांनी मला बघायला शिकवलं त्यांच्यासाठी मी बघते आहे, असं काहीतरी मनात होतं. दीड वर्ष असंच काढू, मग ते सन्मानाने घरी जातील, असा माझा बेत. आठ महिने तो पार पडला.

मग वडिलांच्या हृदयाचं दुखणं उपटलं. ऑपरेशन, इस्पितळ, पुढे घरी पथ्यपाणी. मी पाच आठवडे रजेवर होते. जाताना काकांना सांगायला हवं होतं. निदान साहेबांच्या कानावर घालायला हवं होतं. मी दारापर्यंत जाऊन परत आले, हे मला स्वच्छ आठवतं. साहेब फोनवर बोलत होते. मी स्वतःची समजूत घातली की पाच आठवड्यांत काय होणार आहे.

रजा संपवून आले तो शुक्रवार होता. काका खुशीत होते. माझ्यासाठी गावाहून फणसाच्या रसाची वाळवलेली साठं आणली होती, कागदात गुंडाळून. वडिलांची चौकशी केली आणि म्हणाले, "पाच आठवडे एकट्यान वडलंय गो. एक नमुनो बाकी ठेवूक नाय."

दुपारी त्यांची पाठ वळल्यावर मी कपाट उघडलं आणि पाच आठवड्यांच्या बाटल्या एकेक करून बघायला घेतल्या. बऱ्याचशा ठीक होत्या. मांद्र्याची एक बाटली होती, माझ्या रजेच्या पहिल्याच आठवड्यातली. समुद्राजवळ एका हॉटेलाचं बांधकाम चालू होतं, तिथल्या तळघरात पाणी साठलेलं, त्यातल्या अळ्या आणून वाढवलेले चौदा डास. चिठ्ठीवर 'सर्व साधे'. त्यांतले पाच ठिपक्यांचे होते.

त्या आठवड्यात फवारणीचे दोनच पंप चालू होते. चौदाही साधे म्हटल्यावर मांद्रे यादीत खाली गेलं आणि पंप दुसरीकडे गेले. हे मी फवारणीच्या कागदांवरून वाचलं. तळघरात औषध पडलंच नव्हतं.

मी तेव्हाच उठून सांगायला हवं होतं. पण काका समोर बसून साठं मोडत होते, बाकीच्यांना वाटत होते. मी सोमवारी सांगायचं ठरवलं. त्यांना एकट्याला गाठून, समजावून.

सोमवारी सकाळी मी पोचायच्या आत पेडण्याच्या आरोग्य केंद्रातून फोन आला होता. त्याच बांधकामावरच्या वॉचमनची बायको. ती कामगारांचा स्वयंपाक करायची. गुरुवारपासून ताप, रविवारी बेशुद्ध झाल्यावर आणलेली, रक्तात मेंदूला जाणारा मलेरिया. तिला पणजीकडे हलवलं होतं.

मी मांद्र्याची बाटली काकांच्या टेबलावर ठेवली आणि पाचांपैकी एक डास मायक्रोस्कोपखाली लावला. "काका, हा बघा."

त्यांनी कळ फिरवली. "साधो."

"नाही काका. पायांवर ठिपके आहेत. असे पाच आहेत ह्यात."

त्यांनी पुन्हा डोळा लावला. खूप वेळ ते तसेच वाकून होते. मग सरळ होऊन म्हणाले, "माका नाय दिसत."

ऑफिसात आम्ही दोघंच होतो. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुका कधीपासून म्हायत?"

"रजेवर जायच्या आधी आठ महिन्यांपासून."

"पण वही?" ते म्हणाले. "वहीत तर आकडे बरोबर येत होते."

ते माझ्याकडे बघत होते, पण माझा चेहरा त्यांना नीट दिसत असेल असं मला आता वाटत नाही.

"तू करी होतंस?"

"हो."

मला वाटलं होतं ते रागावतील, त्यांचा अपमान झाल्यासारखं त्यांना वाटेल. ते आवाज न चढवता म्हणाले, "म्हयन्याच्या शेवटाक मी वही घरी न्हेय. मोठी भिंगा लावन शाईचे आकडे वाची. गेल्या वर्षाचे, त्याच्या आदल्या वर्षाचे, सगळे ताडून बघी. पावसानंतर ठिपक्यांचे वाढतत, ते तसेच वाढत होते. माका वाटला, दिसता कमी, पण काम बरोबर जाता. डोळे चलतत अजून. म्हणान मी डॉक्टराकडे गेलंय नाय." मग म्हणाले, "तू सांगलं असतंस तर मी तेच दिवशी उठान गेलो असतंय गो ह्या खुर्चयेवरसून."

मी रडायला लागले. त्यांनी मला गप्प केलं नाही. उठून ते साहेबांच्या खोलीत गेले.

मंगळवारी ती बाई गेली.

बुधवारी आम्ही सगळे मांद्र्याला गेलो, कामगारांचं रक्त तपासायला. काकांनी यायचा हट्ट धरला. तळघरातलं पाणी तसंच होतं, वर सिमेंटची पातळ साय. बाजूला पत्र्याची खोली, दोरीवर एक साडी आणि एक लहान मुलीचा फ्रॉक वाळत होता. वॉचमन दाराशी बसला होता. त्याची मुलगी आजीकडे पाठवली होती. तो दोडामार्गाकडचा निघाला. काकांचं बोलणं ऐकून त्याने मान वर केली. "तुमी आमच्याच थंयचे?"

"होय रे बाबा," काका म्हणाले आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बसले. त्याचं बोट हातात घेऊन ते सुई कुठे टोचायची ते चाचपत राहिले. हजारो बोटं टोचलेला माणूस. शेवटी त्यांनी सुई माझ्याकडे दिली आणि त्याचा हात मात्र धरून ठेवला. त्या कामगारांत आणखी सात जणांच्या रक्तात मलेरिया सापडला. ते सातही जण बरे झाले. त्यांतल्या दोघांना ताप शनिवारीच आला होता. मी शुक्रवारी तोंड उघडलं असतं तर शनिवारी आम्ही तिथे असतो. तिचा ताप तेव्हा दोन दिवसांचा असता, आणि ती स्वतःच्या पायांनी रक्त द्यायला आली असती. हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

काकांनी साहेबांना लेखी दिलं. त्यात फक्त स्वतःचं नाव घातलं. मी माझंही लिहून देते म्हटलं तर म्हणाले, "तुझा आयुष्य आसा फुडे. माझा जाला." साहेबांनी वाचलं, कोणता डास चावला हे कोण सांगू शकतं म्हणाले आणि कागद फाइलला लावला. काकांना खालच्या मजल्यावर आवक-जावकीच्या टेबलावर बसवलं. उरलेले दिवस त्यांनी तिथे काढले. वर प्रयोगशाळेत ते पुन्हा आले नाहीत. मी खाली जायचे, ते चहा पाजायचे, वडिलांची तब्येत विचारायचे. डासांबद्दल आम्ही दोघंही बोलत नव्हतो. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी समारंभ नको म्हणून सांगितलं आणि दुपारच्या गाडीने गावी गेले.

डोळ्यांच्या डॉक्टरने पडदा खराब झालाय, वेळेवर आला असता तर पुष्कळसा वाचला असता असं सांगितल्याचं त्यांच्या मुलीने मला फोनवर सांगितलं. ती मला दोष देत नव्हती. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

दोन वर्षांनी मी बांद्यापलीकडे त्यांच्या घरी गेले. मुलगी त्यांच्याकडे राहायला आली होती. ते पडवीत बसले होते, माझ्या आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. मी एक बातमी घेऊन गेले होते. एका प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं गेलं होतं की आपल्या किनाऱ्यावर साधा डासही अगदीच निर्दोष नाही, त्याच्या पोटातही मलेरियाचे जंतू सापडलेले आहेत. मला वाटलं, हे ऐकून त्यांना बरं वाटेल. ठिपके ओळखले काय, न ओळखले काय, फवारायला तर दोघांनाही हवं होतं. मग चूक त्यांच्या एकट्याच्या डोळ्यांची राहत नाही.

काकांनी शांतपणे ऐकलं. "ह्या माका बरा वाटाचा म्हणान सांगतंस, काय खरा?"

"खरं आहे काका."

"मगे आणखी वायट गो," ते म्हणाले. "डोळे धड होते तेवां तीस वर्सा मी साध्यांका सोडून दिलंय."

त्यांच्या मुलीने आतून भाजलेल्या काजूबिया आणून ठेवल्या. मी चार वाजताच्या बसने निघाले. त्यानंतरच्या पावसाळ्यात काका गेले. मला तेराव्या दिवशी कळलं.

ते गेल्यावर माझ्यापाशी गप्प राहायला काही कारण उरलं नाही. मी माझा कागद लिहिला, आठ महिन्यांचा आणि त्या शुक्रवारचा. साहेब नवीन आले होते. त्यांनी वाचला, मला बसायला सांगितलं आणि म्हणाले, "बाई, ह्याचं आता मी काय करू?" तरी त्यांनी तो घेतला. त्यानंतर आमच्याकडे प्रत्येक बाटली दोघांनी वेगवेगळी तपासायची आणि दोघांनी आपापल्या सहीने लिहायची असा नियम झाला.

मग एका रविवारी मी दोडामार्गाला गेले. आरोग्य केंद्राच्या जुन्या कागदांवर वॉचमनचं गाव होतं, तेवढ्यावरून घर सापडलं. तो आता काजूच्या बागेत राखणीला होता. मुलगी शाळेत जायला लागली होती, आम्ही बोलत होतो तेव्हा बाहेर मैत्रिणीबरोबर खेळत होती. मी त्याला सगळं सांगितलं. चौदा डास, पाच ठिपक्यांचे, शुक्रवार, सोमवार. त्याला ते कितपत समजलं मला माहीत नाही.

मग तो म्हणाला, "गुरुवारी तिका ताप इलो. ती म्हणाली, डॉक्टराकडे जावया. मी म्हटलंय, पंधरा जाणांचा जेवाण कोण करतलो? दुकानातसून गोळयो आणून दिलंय. शुक्रवारी दिलंय, शनवारी दिलंय." त्याने बोटं मोडली. "तुमचा तां डासाचा माका कळणा नाय. तिका मी न्हेवक नाय."

"पण तुम्हाला काय माहीत होतं?" मी म्हणाले.

"तुमकां तरी काय म्हायत होता," तो म्हणाला.

मला माहीत होतं. मी ते त्याला आत्ताच सांगितलं होतं, पण पुन्हा म्हणायचा धीर मला झाला नाही. त्याने मुलीला हाक मारून पाणी आणायला सांगितलं. तिने तांब्या-भांडं आणून माझ्यासमोर ठेवलं आणि मी कोण म्हणून त्याला विचारलं.

"आवयच्या वळखीची," तो म्हणाला.

मी पाणी प्याले. संध्याकाळची गाडी यायला अजून वेळ होता, तोवर आम्ही तिघं तिथेच बसून राहिलो.